जावकच्या टेबलावरची कोरफड

त्या कार्यालयात चौदा माणसं कामाला होती आणि शिवाय एक जावक. मोजदाद अशी वेगळी करायचं कारण म्हणजे कार्यालयच ती तशी करत असे. सहल ठरली की चौदाजणांची ठरायची. कुणाचा वाढदिवस असला की केकचे तुकडे चौदा व्हायचे. मग कुणाच्या तरी लक्षात यायचं आणि ते म्हणायचं, "अरे, जावकलाही विचारा. घेणार नाहीच म्हणा तो." तो खरंच घेत नसे, आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडायचा.

बाहेर जाणारं सगळं टपाल त्याच्या हातून जायचं. पत्राची घडी घालायची, पाकिटाला डिंक लावायचा, पत्ता ताडून बघायचा, वहीत नोंद करायची, शिक्का मारायचा. येणाऱ्या टपालाच्या, म्हणजे आवकच्या टेबलावर माणसं येत-जात राहिली, पण जावकच्या टेबलावर बावीस वर्षं हा एकच. शेवटी टेबलाचं नाव माणसाला चिकटलं. "जावक आला का?" हा विचित्र प्रश्न तिथं रोज सकाळी विचारला जायचा आणि त्याला हसायचंही लोक केव्हाच विसरले होते. शिपाई मावशी तेवढ्या त्याला जावकभाऊ म्हणायच्या. आपणही तसंच म्हणू. गेलेल्या माणसाला निदान भाऊ तरी म्हणावं.

मावशी म्हणजे कार्यालयाचं कुलूप आणि किल्ली. सकाळी उघडायच्या त्या, संध्याकाळी लावायच्या त्या, आणि मधल्या वेळात चहा, फायली, फरशी आणि साहेबांच्या टेबलावरची घंटा. एकोणीस वर्षं झाली होती त्यांना. तोंड फटकळ आणि चाल अशी की जिना जणू त्यांच्यावर रागावून खाली पळतोय. कुणाशी दोन शब्द बोलायचे तर तेही हातात झाडू धरूनच. कामचुकार माणसाचा त्यांना मनस्वी राग, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं जावकभाऊही त्यांना त्यातलेच वाटायचे. याचं कारण त्यांची कोरफड.

कोरफड जावकभाऊंच्या टेबलाच्या कडेला, खिडकीत असायची. आधीच्या कुठल्याशा साहेबांनी केबिनमधून टाकून दिलेल्या कुंडीतलं बोटभर पिल्लू भाऊंनी उचललं होतं. डिंकाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यात लावलं, मग साध्या मातीच्या कुंडीत हलवलं. बावीस वर्षांत तिनं कधी फूल दाखवलं नाही की तक्रार केली नाही. आठवड्यातून एकदा जावकभाऊ हातातलं काम ठेवायचे, एक बुटकी पेन्सिल घ्यायचे, ती कुंडीतल्या मातीत पार तळापर्यंत खुपसायचे, थोडं थांबायचे, बाहेर काढायचे आणि चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत बसायचे. मावशी कप गोळा करता करता हे बघायच्या आणि मनात म्हणायच्या, घ्या, चालला यांचा कारभार, पेन्सिलीला माती लावून टक लावायचं. बहुतेक वेळा भाऊ पेन्सिल पुसून ठेवून द्यायचे. तीन आठवड्यांतून एखाद्या वेळी कपभर पाणी घालायचे, तेही बाजूबाजूनं. असं का, ते मावशींनी कधी विचारलं नाही. दुसऱ्या कुणी विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

एका शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर जावकभाऊ अजून खुर्चीतच होते. मावशी झाडत झाडत त्यांच्या टेबलापाशी आल्या तेव्हा ते म्हणाले, "मावशी, दोन मिनिटं बसता का जरा?"

"आत्ता कुठं बसू भाऊ, अजून वरचा मजला राहिलाय," मावशी म्हणाल्या. "पाय वर घ्या. सोमवारी बसू."

भाऊंनी पाय वर घेतले. केर निघाल्यावर खाली ठेवले, डबा पिशवीत घातला आणि निघून गेले.

सोमवारी ते आले नाहीत. कुणाला काही वाटलं नाही. मंगळवारी साहेब तणतणत बाहेर आले, कारण टपाल साचलं होतं. बुधवारी दुपारी त्यांच्या घरमालकाचा फोन आला. शनिवारीच गेले होते ते, झोपेतच, हृदयविकारानं. चार दिवस त्या खोलीचं दार कुणी वाजवलं नाही, आणि इथं जी काही आठवण झाली ती पाकिटांमुळे झाली. हे प्रत्येकाला कळलं होतं, म्हणून कुणी ते बोललं नाही.

दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर साहेब कोरफडीपाशी गेले. ते म्हणाले, "आपण त्यांचं हे झाड जपू या." दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः एक कुंडी आणली. निळी, चकचकीत, काठाला सोनेरी रेघ. टेबल खराब होऊ नये म्हणून तळाला भोक नसलेली मुद्दाम निवडली होती. आवारातली काळी चिकट माती भरून मावशींनी कोरफड तिच्यात हलवली, आणि तेव्हापासून रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी तिला तांब्याभर पाणी घालायचं असा नेम धरला. त्यांना तेवढंच करता येण्याजोगं होतं. "सोमवारी बसू" हे दोन शब्द त्यांच्या घशात अडकून राहिले होते, आणि ते पाणी घालताना जरा खाली सरकल्यासारखे वाटायचे.

दीडेक महिन्यानं पानं मऊ पडू लागली. भरदार, ताठ पानं पातळ झाली, मलूल होऊन काठावरून खाली लोंबली. टोकं करपली. "पाणी कमी पडतंय," असं हिशेबनीस बाई जाता जाता म्हणाल्या. मावशींनी दुपारचाही तांब्या सुरू केला. त्या कोपऱ्यात ओल्या फडक्याच्या बादलीसारखा कुबट वास यायला लागला, म्हणून दोनदा फिनेलनं फरशी पुसली. वास काही गेला नाही.

मग एका सोमवारी साहेबांनी सांगितलं की पुढच्या आठवड्यात मंगळवारी जावकची मोठी बहीण येणार आहे. भाऊ गेला तेव्हा तिच्या पायाचं हाड मोडलेलं होतं, येता आलं नव्हतं. भावाची खोली आवरायला येईल आणि इथल्या खणातलं सामानही घेऊन जाईल. "आणि हो, तिनं झाड मागितलंय," साहेब म्हणाले. "बाकी काही असो नसो, त्याची कोरफड तेवढी द्या म्हणाली."

मावशी लगबगीनं कुंडी पुसायला गेल्या. एक पान आड येत होतं ते बाजूला सारावं म्हणून धरलं, तर ते अलगद हातात आलं. देठापाशी पाणी भरल्यासारखं पिवळट, पारदर्शक, आणि बोटांना बुळबुळीत. बुंधा दाबून पाहिला तर बोट आत गेलं. जेवणाच्या सुट्टीत ते पान कागदात गुंडाळून त्या बसथांब्याजवळच्या रोपवाल्याकडे धावल्या.

रोपवाला पोत्यावर बसून रोपांच्या पिशव्या भरत होता. शब्द खर्चणं त्याच्या जिवावर यायचं. त्यानं पान हुंगलं.

"पाणी किती?"

"रोज घालते की. दोन्ही वेळा," मावशी अभिमानानं म्हणाल्या.

"भोक आहे कुंडीला?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"एकट्याच घालता का अजून कुणी घालतं?"

"अजून कोण घालणार? मीच."

"एकट्यानं एवढं होत नाही," रोपवाला म्हणाला. पान मऊ पडलं की लोकांना तहान दिसते, हे त्यानं मग सांगितलं, पण मुळं कुजली तरी पान असंच मऊ पडतं. मुळं गेल्यावर पिणार कशानं? "पाण्यात उभी राहून तहानेनं मरते बघा. आणि माणूस अजून पाणी घालतो." सुकी माती बोटाला चिकटत नाही, ओली चिकटते, पण तेवढं बोट घालून बघायचंसुद्धा कुणाला नको असतं, असंही तो वर म्हणाला.

मावशींना तेव्हा ती पेन्सिल आठवली. कोरडी निघाली तर पाणी, माती चिकटून आली तर नाही. बावीस वर्षं तो माणूस एका झाडाला विचारत होता, तुला हवंय का, आणि उत्तर ऐकून घेत होता. आणि आपण त्याला कामचुकार म्हणत होतो.

"वाचेल का?"

"उपटा आधी. मुळं धुवा. पांढरी, टणक असली तर ठेवा, काळी आणि साल सुटलेली कापा. बुंधा आतून तांबूस दिसला तर अजून वर कापा. स्वच्छ लागेपर्यंत कापत जायचं, दया करायची नाही. दर वेळी सुरी पुसायची. मग आठवडाभर सावलीत नुसती कोरडी ठेवायची, कापलेल्या जागेवर कातडी धरली पाहिजे. त्यानंतर जाड्या वाळूत लावा." तो पुन्हा पिशव्या भरायला लागला. "नशीब असलं तर फुटतील मुळं."

त्या संध्याकाळी सहा वाजता मावशी दाराआड झाडू घेऊन थांबल्या. एकट्यानं एवढं होत नाही, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. पहिल्यांदा हिशेबनीस बाई उठल्या, पर्स काखेत मारली, इकडे तिकडे पाहिलं आणि बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. मग आवकवाला आला. त्यानं पाणी घातलंच, शिवाय खत म्हणून कपातला गार चहाही घातला. मग टंकलेखक, मग नकाशेवाले दोघे, पण एकदम नव्हे, एकमेकांची पाठ वळल्यावर. असे एकेक करून बाकीचे सगळे, आणि शेवटी साहेब केबिनमधून पेला घेऊन आले. प्रत्येकाचा चेहरा असा, जणू हे आपण एकटेच करतोय आणि कुणी पाहता कामा नये.

मावशींचं टाळकंच सरकलं. जिवंत होता तेव्हा एकाला त्याला घोटभर चहा विचारायला झालं नाही, आणि आता लागलेत बाटल्या ओतायला! दारातून बाहेर येऊन चौदाही जणांना फैलावर घ्यावं असं त्यांना वाटलं. पण त्या चौदांतल्या एक आपण स्वतःच, सगळ्यांत मोठा तांब्या आपलाच, हे ध्यानात आलं आणि झाडू भिंतीला टेकवून त्या तिथंच खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी त्यांनी कुंडी गच्चीवर नेली आणि आडवी करून ठोकली. मातीचा गोळा सपकन बाहेर आला. तळाशी दोन बोटं काळं पाणी साचलेलं, त्याची घाण अशी सुटली की मावशींनी तोंडाला पदर लावला. मुळं बोटांत धरली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. पांढरं एकही नव्हतं. सगळी कापली. बुंध्याची चकती काढली, आत तांबडं. सुरी स्पिरिटनं पुसली, बोटभर वर कापलं, पुन्हा तांबडं. पुसली, कापलं. कडेला एक तपकिरी कडं. पुसली, कापलं. पानं एकेक करून बाजूला पडत होती, आणि ती काही वाईट नव्हती, धडधाकट होती, पण खालचा आधारच गेल्यावर ती तरी काय करणार. मावशी एव्हाना मोठ्यानं रडत होत्या. हातात सुरी, समोर चिखल, आणि "अजून किती, अजून किती" असं त्या कोरफडीला विचारत होत्या. शेवटी शेंड्याखाली चार बोटांवर काप स्वच्छ आला, हिरवट पांढरा, टणक. वर पाच लहान पानं उरली होती. बावीस वर्षांचं झाड तळहातावर मावलं.

त्यांनी ते वर्तमानपत्रावर ठेवून वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या कपाटाच्या टपावर, उन्हापासून दूर ठेवून दिलं.

साहेबांना त्यांनी खरं ते सांगितलं. साहेब खालमानेनं ऐकत राहिले, मग म्हणाले, "कुणाला बोलू नका." शुक्रवारी त्यांनी दुकानातून एक जाडजूड, तजेलदार कोरफड आणली आणि निळ्या कुंडीत बसवली. "कोरफड ती कोरफड, मावशी. त्यांना काय ओळखू येणार? दुःखात अजून दुःख कशाला?" साहेब वाईट नव्हते. प्रसंग निभावून न्यायचा, एवढंच त्यांना आयुष्यभर येत होतं.

बहीण ठरल्या दिवशी आली. ठेंगणी, पिकल्या केसांची, हातात काठी, आणि कान अगदी भावासारखे, बाहेर आलेले. सगळे तिला ताई म्हणाले. खणातून निघालेली सुतळी, चष्म्याचं घर, तीन पेन्सिली असं सगळं तिनं पिशवीत भरलं. मग निळ्या कुंडीपाशी गेली, जाडं पान हातात घेतलं आणि गालाला लावलं. "केवढी झालीस गं," ती झाडाला म्हणाली. चौदा माणसांनी चौदा दिशांना पाहिलं.

ताईंना काठीमुळे कुंडी घेऊन जिना उतरणं जमणार नव्हतं, म्हणून कुंडी मावशींनी उचलली. खांद्याला त्यांची स्वतःची पिशवी होती. चार जिन्यांपैकी दोन उतरून झाल्यावर ताई दम खायला पायरीवर बसल्या. मावशींनी कुंडी खाली ठेवली. पुढं उतरायला त्यांचे पाय तयार होईनात.

"ताई, ही त्यांची नाही."

"काय नाही?"

"ही कोरफड. ही साहेबांनी दुकानातून आणली." मावशींनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. "त्यांची ही."

ताईंनी पुडी उलगडली. पाच पानं आणि खाली वाळून कातडी धरलेला काप. एकही मूळ नाही.

"एवढीशीच?"

"कुजली होती. कापत कापत वर आले, तेव्हा एवढी चांगली निघाली. जाड्या वाळूत लावा, भोक असलेल्या कुंडीत. आठ-दहा दिवस पाण्याचा थेंब दाखवू नका. फुटतात म्हणे मुळं. फुटतीलच असं नाही, खोटं कशाला सांगू."

"पण कुजली कशानं? तो तर म्हणायचा, हिला काही म्हणजे काही लागत नाही."

"पाणी जास्त झालं, ताई."

"कुणी घातलं?"

मावशींनी मन घट्ट केलं. शिव्या बसल्या तरी चालणार होत्या, बसल्या असत्या तर बरंच वाटलं असतं. "सगळ्यांनी. ते गेल्यापासून रोज, घरी जाताना, एकेकानं. चौदाही जणांनी. मीसुद्धा."

ताईंनी त्या पाच पानांवरून बोट फिरवलं. मग त्यांचे डोळे भरून वाहायला लागले आणि तोंडावर मात्र हसू आलं, सगळा चेहरा उजळला.

"चौदाजणांनी?" त्या म्हणाल्या. "अहो, मला वाटायचं तो खोटं बोलतो. दर रविवारी फोन करायचा. म्हणायचा, ताई, तू माझी काळजी करू नकोस, इथली माणसं मला एकटं सोडतच नाहीत. सहलीला ओढून नेतात, केक भरवतात. मी हो म्हणायचे आणि फोन ठेवून रडायचे. वाटायचं, हा लहानपणापासून असाच, मला बरं वाटावं म्हणून रचून सांगतोय." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आणि बघा, खरं होतं हो सगळं. माझ्या भावासाठी माणसांनी झाड बुडवलं!"

मावशींच्या ओठांवर सगळं आलं होतं. चार दिवस बंद राहिलेलं दार, साचलेली पाकिटं, सगळं. त्यांनी तोंड उघडलं.

"थांबा, तुम्ही त्या मावशी ना?" ताईंनी त्यांचा हात धरला. "रोज जेवायच्या वेळेला येऊन 'जेवलात का भाऊ' म्हणून विचारणाऱ्या? तो सांगायचा, डबा उघडल्याशिवाय मावशी टेबलापासून हलत नाही म्हणून."

एकोणीस वर्षं. जेवायच्या वेळी मावशी कप विसळत उभ्या असायच्या आणि तिथून भाऊंचं टेबल सरळ दिसायचं. विचारलं नव्हतं. एकदाही नाही.

"हो," मावशी म्हणाल्या. "मीच ती."

"मग शेवटच्या दिवशी, त्या शुक्रवारी, जेवला होता ना हो नीट?"

"जेवले होते. सगळा डबा संपवला."

ताईंनी समाधानानं मान हलवली. पुडी काळजीपूर्वक मिटून पिशवीत सगळ्यांत वर ठेवली, निळी कुंडी तिथंच राहू द्या म्हणाल्या, आणि काठी टेकून उठल्या. मावशींनी त्यांच्या दंडाला धरलं आणि उरलेले दोन जिने दोघी सावकाश उतरल्या.